टाकीत रोपं किती दाट लावायची

कराड स्टेशनवर आप्पांनी आमची ट्रंक बर्थखाली सरकवली, बाहेर ओढली, पुन्हा सरकवली. रडू लपवायची त्यांची ही तऱ्हा! गाडी हलताना म्हणाले, "दोन-तीन वर्षांची तर गोष्ट. फार पसारा मांडू नको." सुमे, तू शेजारीच उभी होतीस, तुला आठवत असेल. मी वडिलांचं ऐकणारी लेक. यांची बँकेची नोकरी, आज बनारस तर उद्या कुठे कोण जाणे. दुर्गाघाटावरच्या दोन खोल्यांत निम्मं सामान मी पोत्यांतच ठेवलं, वर्षानुवर्षं.

हौस केली ती एकच, गप्पी माशांची छोटी काचेची टाकी. तिच्यात रोपं लावली तीही आप्पांनी परसात वांगी लावायला शिकवलं तशी, मध्ये वीतभर जागा सोडून. शिवाय निघायचं झालं तर उपसायला सोप्पं! झालं, पंधरवड्यात पाणी हिरवंगार, मासे दिसेनात.

घरमालकीण काकू पिढ्यान्‌पिढ्या बनारसच्या, पण घरात मराठीच. तीही अशी की ऐकत राहावी. "अगं, घबरू नको, पानी अशुद्ध झालंय, बस!" म्हणाल्या आणि पंचगंगा घाटावरून आणलेलं लोटाभर गंगाजल टाकीत ओतलं. मी आपले हात जोडले. पाणी आणखी गढूळ झालं, वर गोगलगायी फुकट!

शेवटी मासेवाल्या दुकानदाराला विचारलं. "भाभीजी, शुरू से घना लगाइए," तो म्हणाला. रोपं विरळ असली की उजेड आणि पाण्यातलं खत शेवाळाच्या घशात जातं. दाट असली की त्याला काही उरत नाही. पुढे माशांना फिरायला मोकळं ठेवायचं, मागे आणि कडेने गच्च लावायचं. मात्र मुळं एकदा गुंतली की टाकी हलवायची नाही.

नेमकी त्याच आठवड्यात यांना विचारणा झाली. साताऱ्याला बदली हवी का, सोमवारी सांगा. हे म्हणाले, "तू ठरव. माहेर तुझं आहे." बाई गं! इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती बदली दारात आली आणि मला मेलीला आनंदच होईना. काकूंच्या नातींना मी मराठी वाचायला शिकवत होते, त्या आत्ता कुठे जोडाक्षरांवर आल्या होत्या. सकाळी काकूंची हाक आली नाही तर मला चहा गोड लागत नव्हता.

रविवारी टाकी उपसली आणि फितीसारखं लांब पाणगवत मुठीमुठीने लावलं. हे दारातून बघत होते. "म्हणजे नाही जायचं?"

"नाही."

मग दोघांनी मिळून पोती सोडली. आज ते गवत इतकं माजलंय की छाटून गल्लीत वाटते.

पण तेव्हा आप्पांना सांगायचं होतं. कितीदा बोलावलं तरी ते कधी आले नव्हते, अगं, काशी असून! एसटीडी बूथमधून फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता दुखावणार.

तर आप्पा म्हणाले, "जावईबापूंना माझं तिकीट काढायला सांग. आजवर तूच तिथे पाहुणी होतीस, पाहुणीकडे कुणी पाहुणा जातो का? आता लेकीच्या घरी येतो."