पाहुण्यांची गाडी सावलीला

"बॅटरी पुन्हा बसली," सामंत फोनवर म्हणाले. लागोपाठ तिसरी सकाळ. "फ्रिज बंद आहे. हिचं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेवलंय. आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर आम्ही घरी परत जातो."

मुरबाडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सामंत रिटायर्ड. व्हॅनमध्ये पलंग आणि फ्रिज बसवून नवरा-बायको महिनाभर पक्षी बघत फिरणार होते. त्यांना दुसरी बॅटरी मी बसवून दिली होती. पहिली गाडी स्टार्ट करायला, दुसरी फ्रिज-दिव्यांच्या घरखर्चाला. इंजिन चालू असलं की दोन्ही चार्ज होतात. गाडी उभी असली की दुसरीला टपावरच्या सोलर पॅनेलचाच आधार. असली गाडी मी पहिल्यांदाच केली होती, आणि त्या भरात दुकानावर 'कॅम्पर व्हॅनचे काम होईल' असा बोर्डही लावून बसलो होतो. आता तो बोर्ड बघायची लाज वाटायला लागली.

व्हॅन वैशाखऱ्याजवळ काळूरामदादा नावाच्या शेतकऱ्याच्या रिकाम्या खळ्यात उभी होती. आधीचे दोन्ही दिवस मी दुकान बंद करून संध्याकाळी गेलो. पहिल्या दिवशी फ्यूज आणि वायरिंग बघितलं, सगळं ओके. दुसऱ्या दिवशी कंट्रोलर बदलला. पॅनेलचा करंट बॅटरीला झेपेल तेवढाच देणारा तो डबा. ऊन गेल्यावर पॅनेल तपासताच येत नाही, हे मात्र मी सामंतांना सांगितलं नाही.

या वेळी धीर निघेना. भर दुपारी पोचलो. सामंत नवरा-बायको रानात गेले होते. टपावर सहा ओली गोणपाटं पसरलेली, आणि शिडीवर उभे राहून दादा त्यांच्यावर बादलीने पाणी ओतत होते.

"दादा, हे काय?"

"पाव्हण्यांची गाडी करपते ना रे! खळ्यात एक झाड नाय. मंग आमी रोज गोणपाट टाकतो. ते यायच्या आत काढतो. पाव्हण्यांच्या गाडीवर गोणपाट बरं नाय दिसत."

"अहो, खाली सोलर आहे! ऊन लागल्याशिवाय बॅटरी भरत नाही."

"म्हंजे पाव्हण्यांची गाडी उन्हात ठेवू? गावात तोंड कुठं दाखवू?"

मी व्होल्टेज समजावलं, करंट समजावला. दादांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि आणखी एक बादली ओतली. मी टेकीला आलो. मग एकदम सुचलं.

"दादा, गाडी पाव्हणी, कबूल. पण ही टपावरची काच पाव्हणी नाय. ती कामाला आणलीय. तिला उन्हातच राबायचंय."

दादांची बादली थांबली. "कामाला हाय होय? मंग आधी नाय का सांगायचं!"

मी पॅनेल टपावरून सोडवलं, लांब वायर जोडून खळ्यात उभं केलं. गोणपाटं पुन्हा गाडीवर गेली. दादा पॅनेलचे मुकादम झाले. ऊन सरकलं की पॅनेल फिरवायचे, कोंबड्यांची सावली पडली की त्यांना हाकलायचे. संध्याकाळी फ्रिज गार, इन्सुलिन आत. सामंतांनी मुक्काम चार दिवस वाढवला. माझा बोर्ड वाचला.

फक्त एक गोष्ट मनाला लागली. पॅनेलचे घट्ट आवळलेले बोल्ट सोडवायला मी दोन तास त्या तापल्या टपावर होतो. दादा पडवीत बसून बघत होते. सावलीला ये, असं एकदाही म्हणाले नाहीत. मीही कामालाच आलो होतो.

तेव्हापासून सोलरची तक्रार आली की मी भर दुपारीच जातो. टोपी घालून.