उजवीकडचं बटण

मारामारीच्या त्या गेमचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस होता, हे आज मी ठामपणे सांगतो. कॉलेजात असताना मी नेमकं उलटं सांगत फिरायचो.

नाशकात स्टँडजवळ एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. चालवणारा निफाडकडचा. कानामागे स्क्रूड्रायव्हर, आणि दर वाक्याच्या शेवटी ‘खरं सांग’. बटण अडलं की त्याला सांगायचं, तो लगेच मशीन उघडायचा. जिंकणाऱ्याने मात्र आपली बाजू सोडायची नाही, असा तिथला रिवाज.

पहिल्या भागाच्या मशीनवर उजवीकडचं बचावाचं बटण अडायचं. मला ते कळलं होतं, पण मी सांगितलं नाही. वर्षभर डावीकडे उभा राहून जिंकलो आणि ‘उस्ताद’ झालो.

मग दुसऱ्या भागाचं नवंकोरं मशीन आलं. त्यावर मी रोज हरू लागलो.

“पहिल्याची मजा नाही यात,” मी सगळ्यांसमोर म्हणालो.

पार्लरवाला जवळ आला. “पहिला लय भारी व्हता? मग चल, जुन्यावर खेळू. आज तू उजवीकडं उभा राहा. जमंल ना, खरं सांग.”

मी बटण दाबत राहिलो आणि मार खात राहिलो.

“उस्ताद, हात झोपला का?” मित्र हसले.

आता हा सगळं सांगणार, म्हणून मी मान खाली घातली. त्याने स्क्रूड्रायव्हर काढला, बटण बदललं आणि मित्रांना म्हणाला, “आजच बिघडलंय हे. त्याचा काय दोष.”

या वाक्यापुढे तेवढं त्याने ‘खरं सांग’ म्हटलं नाही.