सरकी काढलेला हेडफोन

कंपनीच्या बड्या साहेबांना मी विमानातून आंघोळ घातलेली आहे. त्यात माझी काहीएक चूक नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

साठच्या दशकात मी अकोल्याला कपाशीवर औषध फवारणारं छोटं विमान चालवायचो. इंजिन असं बोंबलायचं की उतरल्यावर तासभर कानांत भुंगे फिरत. म्हणून कंपनीने आवाज अडवणारे तीन हेडफोन पाठवले. मी निवडेन तो सगळ्या वैमानिकांना मिळणार होता. (माझी पसंती आयुष्यात प्रथमच कुणी विचारत होतं. लग्नातही विचारली नव्हती!) पहिला डोकं आवळायचा, दुसरा कान सोलून काढायचा. तिसऱ्याच्या उशांमध्ये मात्र कसलासा दाट द्रव होता. त्या कानांना बिलगल्या की आवाज बंद. तोच निवडला आणि रविवारी कौतुकाने घरी आणला.

सोमवारी सकाळी आई तो मांडीवर घेऊन बसली होती.

"गजा, याच्या उशाईत पानी होतं रे. दाबलं तं डुबुक डुबुक करे."

"होतं म्हंजे?"

"काढून टाकलं. घरात खोलीभर कापूस पडून हाय, अन् तू पान्यावर कान टेकवतं? लोक काय म्हनतीन?"

तिने शिवण उसवून आमच्याच वावरातला कापूस, हाताने सरकी काढून, ठासून भरला होता. वर गोधडीचा टाका. घातला तर कान सासुरवाडीला गेल्यासारखे सुखावले. फक्त उशा इतक्या टम्म फुगल्या होत्या की कडेने बोट जाईल एवढी फट राहत होती.

बायको म्हणाली, "साहेबाले खरं सांगून द्या. नाई तं नोकरी जाईन."

"कंपनीची वस्तू माह्या मायनं फाडली म्हनून सांगू? जाऊ दे नोकरी!"

त्याच दिवशी बडे साहेब हेडफोनच्या चाचणीला आले. धावपट्टीच्या कडेला खुर्च्या मांडल्या, टाकीत साधं पाणी भरलं. साहेब रेडिओवरून हेडफोनमध्ये सांगतील तसं मी करायचं, असं ठरलं. इंजिन सुरू झालं आणि सगळा गोंगाट त्या फटीतून थेट माझ्या डोक्यात शिरला. साहेबांचा एक शब्द कळेना. मी आपला अंदाजाने फवारत सुटलो. खाली साहेब दोन्ही हात हलवताना दिसले. मला वाटलं, शाबासकी देताहेत. म्हणून जवळून दाखवायला गेलो.

उतरलो तेव्हा साहेबांच्या मिशांतून पाणी गळत होतं.

"फवारा बंद करा, असं दहादा सांगितलं मी! हेडफोन बिघडलाय की तुमचे कान?"

हेडफोन म्हटलं तर आई सापडणार, कान म्हटले तर विमान सुटणार.

"दोन्ही उत्तम आहेत, साहेब. तुमचाच आवाज बारीक पडतो."

त्यांनी मला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कान ठणठणीत निघाले. मग साहेबांनी तो टाका उसवला आणि हातात कापसाचा बोळा आला.

"हे काय आहे?"

"वऱ्हाडचा कापूस. यापेक्षा आरामशीर काही नाही."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के." माघार घेणं आमच्या घराण्यात नाही.

"ठीक. इतरांना न उसवलेले मागवतो. तुम्ही हाच वापरा."

नोकरी वाचली. पुढे बारा वर्षं मी तोच घालून उडालो. आई दर दिवाळीला त्यात नवा कापूस भरायची. तो हेडफोन सगळ्यात उत्तम होता, हे मी आजही भेटेल त्याला ठणकावून सांगतो. त्यावर लोक काय म्हणतात, ते मात्र गेली कित्येक वर्षं मला ऐकू आलेलं नाही.