खबऱ्या आणि फुगडीची गाणी

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला पासवर्ड नव्हता. तो राहून गेला नव्हता, ते आमचं धोरण होतं. परळच्या आमच्या चाळीत दिवसा दार लावलेलं दिसलं की लोक विचारतात, घरात कोणी आजारी आहे की भांडण झालंय? मग उघड्या दाराशी ठेवलेल्या कॉम्प्युटरला कुलूप कशाला, असं बाबांचं म्हणणं. ज्याला लाइटबिल भरायचंय, रिझल्ट बघायचाय, गणेशोत्सव मंडळाची नोटीस काढायचीय, त्याने चपला बाहेर काढाव्यात आणि खुर्चीत बसावं.

बाबा गिरणीत बदली कामगार म्हणून लागले होते. गिरणी बंद पडल्यावर हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये नोकरी करून रिटायर झाले, पण बोलणं कायम गेटसभेतलं राहिलं. मी वाचायला शिकले तीच मुळी त्यांच्या पत्रकांवर. वर्गातल्या मुली कमळ आणि कपबशी वाचत होत्या तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ एकेक अक्षर लावून वाचत होते. त्यामुळे घरात कुठलीही गोष्ट नुसती घडत नाही. आधी तिच्यावर भूमिका घेतली जाते.

फॉन्टवरही घेतली गेली. बाजूच्या खोलीतले काका मंडळाचे सेक्रेटरी. मंडळाचा अहवाल झोकात छापायचा म्हणून एका दिवाळीत ते लालबागच्या कुठल्याशा छापखान्यातून पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यात मराठी फॉन्टचं अख्खं गाठोडं होतं. एरवी विकत मिळणारं, पण कोणीतरी त्याचं कुलूप तोडून फुकट वाटलेलं.

“हे चोरीचं आहे काका,” मी म्हटलं.

“अगं, अक्षरं काय कोणाच्या बापाची आहेत?” काकांच्या आधी बाबाच उसळले. “ज्ञानेश्वरांनी पैसे घेतले होते का?”

“ज्ञानेश्वरांनी पेनड्राइव्ह वाटला नव्हता.”

यावर काका मनापासून हसले आणि पेनड्राइव्ह लावून मोकळे झाले. सोबत एक सूचना होती : हे टाकण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. ज्या माणसाने आयुष्यात एकाही मॅनेजरची ऑर्डर निमूट पाळली नाही, त्या माझ्या बाबांनी ही सूचना मात्र तंतोतंत पाळली. अँटिव्हायरस बंद केला तो केलाच. पुन्हा चालू करा, असं सूचनेत कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्या गाठोड्यातलं एक वळणदार अक्षर आईला फार आवडलं आणि त्यातून तिची गाणी सुरू झाली.

गौरी-गणपतीत आमच्या मजल्यावरच्या बायका फुगड्या घालतात. गाणी कोकणातून आलेली, प्रत्येकीच्या गावची चाल वेगळी. नव्या सुनांना ती येत नाहीत म्हणून आईने ठरवलं की सगळी एकत्र करायची आणि एक छोटं पुस्तक काढायचं. दुपारी भांडी आवरली की ती एका बोटाने टाइप करायला बसायची. बायका येऊन गायच्या, ही लिहायची. सगळ्यात मोठं गाणं कोपऱ्यातल्या खोलीतल्या आक्कांचं होतं. माहेरी आलेली गौर आणि तिला प्रश्न विचारून भंडावणारी वहिनी, असा त्यात एक लांबलचक सवाल-जवाब होता. आक्का तांदूळ निवडता निवडता म्हणत गेल्या आणि आई टाइप करत गेली. नंतर आक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. आता त्या शिवडीला मुलीकडे असतात, माणसं ओळखतात, हसतात, पण त्यांचे शब्द गेले. ते गाणं पूर्ण येणारं दुसरं कोणीच नव्हतं. होती ती फक्त आईची फाइल.

पुढच्या पावसाळ्यात कॉम्प्युटर कुंथायला लागला. इंटरनेट उघडलं की आधी जुगाराच्या जाहिराती नाचायच्या. मग काकांच्या मेलवरून अख्ख्या चाळीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांची पत्रं गेली. काकांचं स्वतःचं पोट चाळीत प्रसिद्ध असल्यामुळे ती पत्रं खूप आवडीने वाचली गेली. आणि गणपतीच्या जरा आधी, गाणी छापायला द्यायची म्हणून आईने तिचा फोल्डर उघडला, तर फोल्डरच्या जागी नुसता एक बाण काढलेला शॉर्टकट. त्यावर क्लिक केलं की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि काहीच उघडायचं नाही.

“माजी गाणी खंय गेली गो?” आई म्हणाली. ती घाबरली किंवा चिडली की थेट मालवणीत येते. या वेळी दोन्ही होतं.

काका धावत आले, चष्मा वर करून पाहिलं आणि निकाल दिला. “व्हायरस. फॉरमॅट मार. सगळं पुसायचं, नवीन टाकायचं. एकदम चकाचक.”

या शहरात हल्ली कुठल्याही दुखण्यावर हाच इलाज सांगतात. चाळ गळतेय? पाडा, टॉवर बांधा. कॉम्प्युटर रडतोय? पुसा, नवीन टाका. आत कोण राहत होतं, हे विचारायची पद्धत नाही. मी हे तावातावाने बोलूनही दाखवलं. पण मला भाषण संपवावं लागलं, कारण आई कॉम्प्युटर आणि काका यांच्या मधे येऊन उभी राहिली होती.

“ह्याका कोणी हात लावूचो नाय,” ती म्हणाली. “आक्कांचा गाणा आत आसा.”

मी आधी इंटरनेट तोडलं. बाबांना ते पटेना. “दुखणं आत आहे, तू बाहेरची वायर कशाला काढतेस?”

“बाबा, आत कोणीतरी बसलंय. आपण काय टाइप करतो ते बघतं आणि बाहेर कळवतं. काकांच्या मेलचा पासवर्ड असाच गेला.”

बाबांचा चेहरा बदलला. “म्हणजे खबऱ्या.”

“खबऱ्याच.”

“आमच्यात एक होता,” बाबा खुर्चीत बसत म्हणाले. “आमच्यासोबत चहा प्यायचा. घोषणा सगळ्यांत मोठ्याने द्यायचा. मीटिंगमधला शब्द न् शब्द संध्याकाळपर्यंत मालकाच्या टेबलावर असायचा.” मग त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. “आणि याला आत घेताना वॉचमनला, त्या अँटिव्हायरसला, घरी मीच पाठवलं.”

स्पायवेअर म्हणजे काय, हे मला त्यांना पुन्हा कधी समजावून सांगावं लागलं नाही.

दादरला नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने तिच्या स्वच्छ कॉम्प्युटरवर तपासणीचा एक पेनड्राइव्ह तयार करून दिला. त्यावरून मशीन सुरू केलं आणि झाडाझडती लावली. दुपारभर एकेक नाव पकडलं जात होतं आणि बाबा प्रत्येक नावाला “बाहेर!” म्हणत होते. फॉन्टच्या गाठोड्याला जोडून आलेलं जे होतं, तेच मुख्य खबऱ्या निघालं. गाठोड्यासकट गेलं. शॉर्टकटचा व्हायरस वेगळा होता, कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून नंतर आलेला. त्याने फाइली पुसल्या नव्हत्या, नुसत्या लपवल्या होत्या. लपलेल्या फाइली दाखवायची खूण केली आणि आईचा फोल्डर जिथे होता तिथेच फिकट रंगात उगवला.

आईने आक्कांची फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि प्रश्नचिन्हं यांचा चिखल होता.

“ह्या काय?”

मी फाइल बंद करून पुन्हा उघडली, तरी तेच. मग उलगडलं. त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आत इंग्रजीच चिन्हं साठवलेली असतात. फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की मराठी गायब. आणि तो मुखवटा आम्ही नुकताच खबऱ्यासोबत बाहेर फेकला होता.

“मग परत टाक तो,” आई म्हणाली.

“आई, त्याच्यासोबत खबऱ्या पण येईल.”

“येवंदे. आक्का परत मेळूची नाय.”

बाबांनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. फॉन्ट परत टाकायचा नाही, दुसरी वाट शोधायची. मी आईकडे दोन दिवस मागितले, तिने एक दिला.

दुसरी वाट सापडली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत बदलून देणारं साधन असतं. तेही मैत्रिणीकडून तपासून आणलं. चिखल त्यात ओतला आणि दुसऱ्या बाजूने गौर बाहेर आली. काही जोडाक्षरं मोडलेली, रफार भलत्याच अक्षरावर, पण गौर होती आणि तिची भोचक वहिनीही होती. आईने पडद्याला हात लावून ओळी वाचल्या. एरवी पडद्याला बोट लावलं तर ती मला ओरडते.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. ‘समस्त पेनड्राइव्हधारक बंधू-भगिनींनो!’ तपासल्याशिवाय पेनड्राइव्ह लावू नका. वॉचमनला सुट्टी द्या म्हणणारी फुकट वस्तू घरात घेऊ नका. अपडेट आलं की ते टाळू नका. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत कॉम्प्युटरबाहेर ठेवा. बाबांनी लाल पेनाने तपासलं. “‘कृपया’ काढ. पत्रकात कृपया नसतं.” मी काढलं. जिन्याजवळच्या फळ्यावर ते लागलं तेव्हा काका वाचून वर आले.

“माझं नाव घातलं नाहीस, पण सगळे माझ्याकडेच बघतायत.”

“काका, सगळे तुमच्या पोटाकडे बघतायत. त्या गोळ्यांमुळे.”

राहता राहिला पासवर्ड. मी सुचवलं की दोन खाती करू. एक चाळीसाठी, बिनपासवर्डचं, पण त्यातून कोणाला नवीन काही टाकता येणार नाही. दुसरं आईचं, पासवर्डवालं. बाबा लगेच उभे राहिले. कुलूप म्हणजे अविश्वास, आज एक खातं बंद केलं तर उद्या दार, वगैरे. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “दार उघडा आसता, म्हणान कपाट उघडा ठेवतंय काय मी?”

बाबा खाली बसले. ठराव एकमताने मंजूर झाला.

मोडलेली अक्षरं आम्ही दोघींनी दुरुस्त केली. एक ओळ मात्र अडली. तिथे साधनाने एक शब्दच खाऊन टाकला होता. आईला आठवेना. मग तिने दुपारी बायकांना बोलावलं आणि त्यांनी ते गाणं सुरुवातीपासून म्हणून पाहिलं. ओळ आली तशा अर्ध्याजणी म्हणाल्या, गौरीने भावासाठी ‘नारळ’ आणला. बाकीच्या म्हणाल्या, ‘पोवळां’, म्हणजे पोवळं.

“पोवळां आमच्या मालवणात कोण हाडतलो? नारळच!”

“तुमच्यात नसतला. आक्का वेंगुर्ल्याची.”

भांडण रंगलं, चहा झाला, पुन्हा रंगलं. आई कीबोर्डवर बोट ठेवून थांबली होती. शेवटी तिने नारळही लिहिला आणि पोवळांही, फाइल सेव्ह केली, तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि प्रत्येकीच्या फोनवर एकेक मला पाठवायला लावली. पुस्तक छापून आलं तेव्हा ती ओळ इतर ओळींपेक्षा चांगलीच लांब झाली होती आणि फुगडी घालताना सगळ्यांचा श्वास बरोबर तिथेच तुटतो. खालच्या मजल्यावरच्या मावशींचं अजून म्हणणं आहे की तिथे तिसराच शब्द होता.