होडीला आरी न लावता बसवलेली मोटार

मुरबाडहून सकाळच्या एसटीत सेकंडहँड बोटमोटार मांडीवर घेऊन बसलो, तर कंडक्टर म्हणतो, "पंखा लग्नात देतोस का रे?" एरवी भांडलो असतो. पण लग्नाचं नाव निघालं, हसून तिकीट काढलं. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला सुगंधा मिळायची तर एकच रस्ता होता : शेणव्याजवळच्या धरणात तिच्या बाबांची होडी मोटारीवर चालवून दाखवायची.

पेट्रोल आणि वडापाव शहापुरातच घ्या, पुढे काही मिळत नाही. शेणव्याकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही. रस्ता खड्ड्यांचा, पण एका वळणावर धरणाचं पाणी असं समोर येतं की शिवी तोंडातच राहते.

मामांची, म्हणजे सुगंधाच्या बाबांची, होडी दोन्ही टोकांनी निमुळती. किनाऱ्याला लागली की वळवायची नाही; वल्हं मारणारा तोंड फिरवून बसतो आणि परत निघतो. काय डोकं! पण मोटार अडकवायला मागे सपाट फळी लागते.

"मागचं टोक कापू," मी म्हणालो.

"आरी लावलीस तर माझ्या दारात उभा राहू नको."

माझं डोकं फिरलं. मोटार उचलून निघालोच.

"आये, बघ गो, नवरी रुसली!" सुगंधा ओरडली. मग मला म्हणाली, "आडवी फळी टाक ना. बाजूला लाव."

ऐनाची जाड फळी दोन्ही काठांवर आडवी टाकून बोल्टांनी आवळली, उजव्या टोकाला मोटार अडकवली. बुडालेल्या झाडांचे बुंधे आले की बसल्याजागी हाताने वर घेता येते. झकास! फक्त होडी उजवीकडे कलली. डावीकडे वजन हवं होतं. मी सुगंधाकडे पाहिलं. मामांनी ते पाहिलं, आणि स्वतःच डावीकडे जाऊन बसले.

पलीकडच्या काठाला लागलो. होडी न वळवता मी मोटारच उलटी फिरवली. मामा माझ्याकडे बघत राहिले, मग नेहमीसारखं तोंड फिरवून बसले. निम्म्या पाण्यात म्हणाले, "वल्हं होडीतच राहील. मोटारीचा भरवसा नाय."

"आणि माझा?"

"बापाला घेऊन ये. मंग बोलू."

इतकं निळं पाणी मी पुन्हा पाहिलेलं नाही. पण घरी आलो तेव्हा डोळ्यांपुढे पाणी नव्हतं, बाबा होते. कॉलेज सोडल्यापासून आमचं बोलणं बंद.

"शेणव्याला याल का माझ्याबरोबर?" मी विचारलं.

बाबा उठले आणि चपला शोधू लागले.

"आत्ता नाय हो, रविवारी!"