माघारी वळताना

मी हेलिकॉप्टर उडवायचो हे कळलं, की आमच्या बेसा भागातल्या सोसायटीत कुणीतरी हटकून विचारतं, "एवढी यंत्रं असतात, मग ढगांना काय घाबरायचं?" मी हसून सोडून देतो. खरं तर डोकं फिरतं.

डोंगरात आमची भिस्त डोळ्यांवर. दरीत शिरताना आम्ही कधी मधून जात नसू, एका कडेनं जायचो. पुढची खिंड दिसेनाशी झाली, तर वळायला दरीची सगळी रुंदी हाताशी हवी. आणि खिंड जो आधी ओलांडेल, त्यानं मागच्याला रेडिओवर सांगायचं, खुली आहे की बंद.

त्या दिवशी पुढे मी होतो. खिंड खुली होती, तसं सांगितलं. मागून माझा मित्र येत होता, काटोलचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "बंद होऊन राहिली गा. मी वापस फिरतो." त्यानंतर तो बोललाच नाही. ढग त्याच्या मागूनही भरून आला होता.

गावात मात्र भलतंच पसरलं. पोरानं हिरोगिरी केली आणि जीव घालवला म्हणे! त्याच्या आईच्या मनाला ते फार लागलं होतं. हिवाळ्यात मी भेटायला गेलो, तर काकूंनी मला घरात बसवलंही नाही. सरळ बागेत नेलं. बागेत धुकं उतरलं होतं.

"असंच होतं काय गा?"

"याच्याहून दाट, काकू."

"मंग तो घुसला काहून? लोकं म्हणतात तसा..."

"नाही, काकू. खिंड खुली हाय म्हणून मीच त्याले सांगितलं, अन् तवा ती खुलीच होती. बंद व्हायले लागली तसा तो फिरला. आम्हाले शिकवलं तसंच केलं त्यानं. वापस येऊन राहिला होता."

त्यांचा चेहरा जरा निवला. एवढं तरी आपल्या हातून झालं, असं मला वाटलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, दोन संत्री तोडून माझ्या हातात ठेवली आणि धुक्यात बघत म्हणाल्या,

"वापस येऊन राहिला होता, तर मंग आला काहून नाही गा?"

मला रडू आवरेना. शेवटी त्यांनीच माझा हात धरला आणि त्या धुक्यातून मला घरापर्यंत आणलं.