पापडाचा खार आणि नानांची फटफटी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी उडदाचे पापड झाले नाहीत, त्याला कारण माझ्या सासऱ्यांची मोटरसायकल.

सासरे म्हणजे नाना. राहणार असोदा, उमेद गेली भुसावळला रेल्वेत फिटर म्हणून. लग्नाच्या वर्षी घेतलेली फटफटी त्यांनी अजून सांभाळली आहे. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, नवरी होऊन यावलहून असोद्याला आल्या त्या हिच्यावरच बसून. आता लग्नाला पन्नास वर्षं होत होती, आणि त्या रविवारी अक्कांना पुन्हा मागे बसवून यावलला माहेरी न्यायचं, असं नानांनी ठरवलं होतं. गाडी सुरू होत होती. फक्त इंजिनाची दोन अल्युमिनियमची झाकणं तेलाधुळीनं इतकी माखली होती, की खाली धातू आहे यावर विश्वासच ठेवावा लागे.

"जळगावात कोनाकडून तरी चमकवून आनतो," नाना म्हणाले.

इथे मी तोंड उघडलं. मी जळगावच्या शाळेत भूगोल शिकवतो. आयुष्यात पाना धरलेला नाही. पण जुनी इंजिनं साफ करण्याचे व्हिडिओ दोन महिने रोज जेवताना पाहत होतो, त्यामुळे अंगात कारागीर संचारला होता.

"नाना, ते लोक मशीनवर घासून धातू खातात. मी करून देतो, अगदी शास्त्रोक्त."

"जावई, हे झाकणं आता कुठीच मियत नाहीत," नाना म्हणाले आणि झाकणं माझ्या हाती दिली. देताना लगेच सोडली नाहीत, हे मला आजही आठवतं.

शनिवार उजाडला. संध्याकाळी नाना झाकणं न्यायला येणार होते. व्हिडिओतलं औषध मला जळगावात कुठेच मिळालं नव्हतं. त्याच दिवशी आमच्याकडे पापडांचा बेत होता. अक्का सकाळच्या बसनं आल्या, सोबत खाराची बरणी. (केळीच्या बुंध्याच्या वाळक्या सोपटांची राख भिजवून, गाळून काढलेलं ते पाणी. त्याशिवाय आमच्या भागातला पापड फुलत नाही.) बरणी ओट्यावर ठेवून अक्का आणि माझी बायको सुनंदा गिरणीत गेल्या. घरात मी, झाकणं आणि बरणी.

मी विचार केला. (तिथेच चुकलं.) सुनंदा तेलकट कढई राखेनं घासते आणि ती लख्ख निघते. खार म्हणजे तर राखेचा अर्क! मी मोठं पातेलं गॅसवर चढवलं, बरणी रिकामी केली आणि झाकणं आत सोडली.

पाणी फसफसू लागलं. "मळ सुटतोय," मी स्वतःला सांगितलं, आणि पातेल्याचा फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'पारंपरिक ज्ञान!' सात अंगठे आले. अर्ध्या तासानं सांडशीनं झाकण उचललं. तेल गेलं होतं, कबूल. पण झाकण तव्यासारखं काळंठिक्कर पडलं होतं. दुसरंही तसंच.

मग मी दातांची पेस्ट लावली. रांगोळी लावली. शेवटी सुनंदाची नवी घासणी घेतली. झाकणांना काही झालं नाही. घासणी काळी झाली, मोरी काळी झाली, मी कोपरापर्यंत काळा झालो. नानांचा तो न सुटणारा हात डोळ्यांपुढे आला आणि मला खरोखर रडू फुटायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात दार वाजलं. सुनंदानं माझं तोंड पाहिलं आणि पीठ खाली ठेवलं. अक्कांनी रिकामी बरणी पाहिली.

"खार कुठी गेला?"

मी पातेल्याकडे बोट केलं. अक्कांनी झाकण उचलून नखानं टिचकी मारली.

"जावई, हे तं जर्मन आहे." (अल्युमिनियमच्या भांड्याला आमच्याकडे जर्मन म्हणतात.) "जर्मनच्या पातेल्याले कोनी खार लावतं का?"

"अक्का, ते पातेलं नाही. इंजिन आहे."

"इंजिन तुमच्या नानांचं असंल. धातू तं माह्या पातेल्याचाच आहे ना?"

अक्कांनी पदर खोचला, खार ओतून दिला, दुसरं पाणी चढवलं आणि त्यात वर्षाच्या चिंचेचा अर्धा गोळा टाकला. इतक्यात गल्लीतल्या पाच जणी पोळपाट-लाटणी घेऊन पापड लाटायला आल्या. चिंचेच्या पाण्यात इंजिन रटरटताना पाहून त्या आल्या पावली परत गेल्या.

तासाभरानं झाकणं निघाली ती चांदीच्या वाटीसारखी. एकावर खोलगट खोक दिसली, जी इतकी वर्षं तेलाखाली होती. अक्कांनी तिच्यावर बोट फिरवलं. "माही पेटी आदळली होती आठी. यावलहून येतानी," त्या म्हणाल्या आणि एकट्याच हसत बसल्या.

संध्याकाळी नानांनी झाकणं उजेडात धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली. "कोनं केलं?"

मी कबुलीजबाबासाठी तोंड उघडलं, पण अक्का आधी बोलल्या. "जावयानं."

नानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी ती फटफटी अक्कांना घेऊन यावलला गेली, तेव्हा मी इतका खूश होतो की खरं सांगायचं राहूनच गेलं.

ते मला महागात पडलं. नानांनी अख्ख्या असोद्याला सांगितलं. आता दर रविवारी कुणी स्कूटरचं हेड घेऊन येतं, कुणी पंपाचं झाकण. "सर, तुमचं ते शास्त्रोक्त करा," म्हणतात. मी गंभीर चेहऱ्यानं माल ठेवून घेतो, त्यांना बाहेर बसवतो, स्वयंपाकघराचं दार लोटतो आणि हळू आवाजात फोन लावतो, "अक्का, एका स्कूटरला चिंच किती घालू?"